न सोडलेलं दावं

पहिल्यांदा तो बाण आपोआप हलला तेव्हा मी डोक्यावर पदर घेतला.

माझा हात माउसवर नव्हता. दोन्ही हात मांडीवर ठेवून मी बसले होते, कारण फोनमधल्या माणसानं तसंच सांगितलं होतं. "ताई, आता तुम्ही कशाला हात लावू नका, मी करतो." आणि कॉम्प्युटरच्या काचेवरचा पांढरा बाण उठला, कोपऱ्यात गेला, एक खिडकी उघडली, दुसरी मिटली. माझ्या शिलाईच्या खोलीत कुणी परका पुरुष येऊन सामान हलवतोय असं वाटलं. त्याला मी दिसत नाही हे मला माहीत होतं. तरी पदर घेतला आणि काम संपेपर्यंत खाली पडू दिला नाही.

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"कुणापुढं पदर घेऊन बसलीस गं? कोण आलंय?"

"कुणी न्हाय. प्रोग्रॅम घालायलेत."

"कोण घालायलंय? मला तर दिसंना."

"फोनवरनं."

त्यांनी खोलीभर बघितलं, दाराआडही बघितलं. "मग च्या कुणाला करायचा?" असं म्हणून निघून गेल्या.

आमचं गाव उमरग्याकडचं, हायवेपासून थोडं आत. माझ्या मालकांचं, म्हणजे नवऱ्याचं, हायवेवर पंक्चरचं दुकान आहे. मुलगी लातूरला शिकते. घरात दिवसभर मी आणि सासूबाई. मी चौथी शिकले. पुढची शाळा ओढ्यापलीकडं होती आणि पलीकडं मुलींना पाठवायची रीत नव्हती. लग्नानंतर शिवण शिकले. ब्लाऊज शिवणं हे काम मला मानवलं, कारण त्यात बोलावं लागत नाही. बायका येतात, त्याच बोलतात, मी टेप लावते आणि मान हलवते.

पुढं बायका साध्या ब्लाऊजला नाक मुरडायला लागल्या. सगळ्यांना पाठीवर नक्षी पाहिजे. म्हणून सोलापुरातून भरतकामाचं जुनं कॉम्प्युटर मशीन आणलं. ते मशीन स्वतः काही जाणत नाही. आधी कॉम्प्युटरमध्ये एका प्रोग्रॅमवर नक्षी काढावी लागते, कुठला टाका कुठून निघून कुठं जाणार हे सगळं त्यात मांडावं लागतं. मग ती नक्षी पेन ड्राईव्हवर घेऊन मशीनला लावायची, की मशीन टाके घालतं. मशीन आलं, पण कंपनीचा प्रोग्रॅम आमच्या ऐपतीबाहेरचा निघाला.

मालकांना दुकानात गिऱ्हाईक नसलं की फोनवर लिलाव बघायची सवय होती. तिथं जुने मोबाईल, गाड्यांचे सुटे भाग, काय वाट्टेल ते बोलीवर निघतं. एक दिवस त्यांनी फोन माझ्यापुढं धरला.

"हे बग. आपल्याला पायजे तोच. डबा सीलबंद हाय. आन् इकणाऱ्याला चांदण्या किती हायत बग."

"चांदण्या म्हंजी?"

"म्हंजी माणूस चोख हाय."

"कुणी दिल्यात?"

"ज्यांनी माल घेतला त्यांनीच दिल्या की. तू लई इचारतीस."

मी त्या दिवसभरात तेवढंच विचारलं होतं.

बोली संध्याकाळी मिटायची होती. मालक ताटावर फोन घेऊन बसले. त्यांनी आकडा टाकला की दुसरं कुणीतरी वर चढायचं. मालकांच्या तोंडावर घाम आला होता. "त्यो बी हटंना. म्हंजी माल खरा हाय," असं ते स्वतःलाच सांगत होते.

"भाकर खा आदी," सासूबाई म्हणाल्या. "बैल कुटं पळून चाललाय का?"

"बैल न्हाय, आई. प्रोग्रॅम हाय."

"कायबी असू दे. उपाशी पोटी सौदा करू न्हाय."

माझे वडील शेतीबरोबर बैलांची घेवदेव करायचे. बाजारात बोली चढवणारा दुसरा माणूस पुष्कळदा विकणाऱ्याचाच पाहुणा असतो, हे मी लहानपणी त्यांच्या तोंडून ऐकलं होतं. पण ते बैलाच्या बाबतीत. फोनमधल्या बाजारातही पाहुणे बसवता येतात हे तेव्हा डोक्यात आलं नाही. शेवटी आमची बोली वर राहिली आणि मालकांनी पहिला घास तोंडात घातला.

फोटोत छापील डबा होता. कुरिअरनं आला तो साधा पेन ड्राईव्ह, खाकी चिकटपट्टीत गुंडाळलेला. विकणाऱ्याचा फोन आला. आवाज तरुण होता, बोलणं शहरातलं आणि गोड. डब्याचं विचारल्यावर म्हणाला, "दादा, डबा काय करायचाय? प्रोग्रॅम चालला म्हणजे झालं." कॉम्प्युटरला व्हायरसपासून राखणारं जे काही होतं ते त्यानं बंद करायला लावलं. ते आड येतं म्हणाला. मग त्याला तिकडून आमची काच दिसावी, बाण हलवता यावा म्हणून आणखी एक प्रोग्रॅम आत घालायला लावला. त्यानंतर बाण हलला ते वर लिहिलंच आहे.

प्रोग्रॅम मात्र चालला. आधी मला तो झेपेना, मग झेपायला लागला. इंग्रजी अक्षरं वाचण्यापेक्षा मी चित्रं ओळखून ठेवली. कात्रीचं चित्र, सुईचं चित्र, आरशाचं चित्र. आरशावर दाबलं की डावीकडची नक्षी उजवीकडं तशीच उलटून उमटायची.

त्याच उन्हाळ्यात आई माझ्याकडं राहायला आली. आईचं माहेर सीमेपलीकडं, कानडी मुलखात. लग्नाआधी तिनं स्वतःच्या काळ्या इरकली लुगड्याच्या पदरावर हातानं कशिदा काढला होता. त्याला तिकडं कसुती म्हणतात. त्यात दोऱ्याला गाठ मारत नाहीत. सुई गेली त्या वाटेनं परत येते, त्यामुळं पदर उलटा केला तरी नक्षी तीच दिसते. तुळशीवृंदावन, दिवे, हत्ती, आणि मधोमध पालखी. पालखीच्या छतावर दोन राघू. एक पुढं बघतो, दुसऱ्याची मान मागं वळलेली.

आई माझ्याशेजारी स्टुलावर बसायची, लुगडं मांडीवर घ्यायची आणि पदरावर बोट ठेवून टाके मोजायची. मराठी तिला चांगलं येत होतं, पण मोजायची कानडीतच. "ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु. हं, आता वर चढ." मी तसतसे टाके कॉम्प्युटरवर मांडायची. उजवीकडच्या राघूपाशी आलो तेव्हा मी आरशाचं चित्र दाबायला निघाले. आईनं माझा हात धरला.

"तसं नगं. त्यो मागं बघतोय."

"चुकलं व्हतं व्हय तुझं?"

"माझी आई बी असंच म्हनली हुती. उसव म्हनली. म्या न्हाय उसवलं. पालखी म्होरं चालली तरी एकानं मागं बघाय पायजे की, कोन ऱ्हायलंय का ते."

मग ती मान मी एकेक टाका मोजून वळवली. तिथं आईलाही दोनतीनदा चष्मा पुसावा लागला.

आईनं एक बजावलं. पालखी पदरावर काढायची, ब्लाऊजच्या पाठीवर नाही. पाठीनं माणूस भिंतीला टेकतं, खुर्चीला टेकतं. म्हणून वृंदावन, दिवे, हत्ती मी गिऱ्हाइकांना काढून दिले, पालखी कुणाला दाखवली नाही. स्वतःला एक इरकली घेईन आणि तिच्या पदरावर काढीन असं मनात होतं. पण दुसऱ्याचं शिवणारीचं स्वतःचं काम नेहमी उद्यावर जातं. पालखी कॉम्प्युटरमध्ये राहिली. तिच्यावर कुणाची नजर पडू नये म्हणून त्या फोल्डरला मी 'किराणा' असं नाव दिलं होतं.

दिवाळीच्या आधी, भावाकडं असताना, आई गेली. आमच्यात माणसाला बसवून मातीआड करतात. आईनं भावाला आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून तिला त्याच काळ्या लुगड्यात बसवलं. पदर तिच्या खांद्यावरून पुढं घेतला होता. माती लोटायच्या आधी मी तो राघू बघितला. फोटो काढावा असं मनातही आलं नाही, आणि आलं असतं तरी तिथं फोन काढायची हिंमत मला झाली नसती. आपल्याकडं पालखी आहेच की, असं वाटत होतं.

तिचं दिवसकार्य उरकून मी परत आले, कॉम्प्युटर लावला, तर प्रोग्रॅम उघडेना. मधोमध एक चौकट आणि तिच्यात इंग्रजी. मालकांनी लावून लावून वाचलं.

"मुदत संपली म्हनतंय."

"कसली मुदत? आपण विकत घेतलंय की."

मालकांनी विकणाऱ्याला फोन लावला. तो जराही गडबडला नाही. "होतं असं, दादा. मुदत इकडून वाढवावी लागते. ताईंना कॉम्प्युटरसमोर बसवा." बाण आला, हलला, प्रोग्रॅम उघडला. त्यानं थोडे पैसे मागितले, मालकांनी पाठवले. महिना होतो न होतो तोच परत चौकट. परत फोन, परत बाण. पुढं पुढं मुदत लहान होत गेली. तो मालकांना सोडून मलाच फोन करायला लागला, कारण कॉम्प्युटरपाशी मीच असायची. प्रत्येक वेळी आधी विचारायचा, "जेवलात का, ताई?" त्या विचारण्याची मला भीती बसली. दुपारी ताटावर बसले की फोन वाजेल असं वाटायचं आणि घास उतरायचा नाही.

एकदा तो म्हणाला, "पैशाचं राहू द्या, ताई. तुमचं ते तुळशीवृंदावन मी बघितलं. मस्त आहे. तेवढी फाईल घेतो."

म्हणजे तो नुसती मुदत वाढवायला येत नव्हता. मी काहीच बोलले नाही. माझ्या गप्प बसण्याला लोक नेहमी होकारच समजतात. बाण गेला आणि वृंदावन घेऊन आला. पुढच्या वेळी दिवे गेले, मग हत्ती.

नेट काढून टाकलं तर प्रोग्रॅम उघडत नव्हता. नेट जोडलं तर तो आत येत होता. आणि माझ्या नक्ष्या त्या प्रोग्रॅमच्याच घडीत घातलेल्या, दुसरा कुठला प्रोग्रॅम ती घडी उलगडत नव्हता. उमरग्याच्या एका कॉम्प्युटरवाल्याला मालकांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "हा कंपनीचा न्हाईच, मामा. कुलूप फोडून इकलेला हाय. आता कुलूप त्याचं आन् चावी बी त्याचीच."

तेव्हा मला वडिलांचं दावं आठवलं. बाजारात सौदा ठरायचा तो रुमालाखाली, बोटं दाबून. बोटं सुटली की वडील बैलाच्या गळ्यातलं आपलं दावं सोडून घ्यायचे आणि खांद्यावर टाकायचे. घेणाऱ्यानं स्वतःचं दावं आणलेलं असायचं, ते तो बांधायचा. दावं दिलं तर घरची लक्ष्मी जाते, असं आई म्हणायची. वडील म्हणायचे, "आपलं दावं त्याच्या गळ्यात ऱ्हायलं तर त्याला वाटतं मालक अजून आपुनच." ह्या माणसानं आम्हाला बैल विकला आणि दावं सोडलंच नाही. दाव्याचं दुसरं टोक कुठल्या गावात, कुणाच्या हातात आहे हेही आम्हाला कळत नव्हतं.

मालकांचा संताप झाला. त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला.

"ओ भाऊ, तुमी आमाला फसवायलाव. आमी तक्रार करनार हाव."

त्याचा आवाज तेवढाच गोड होता. "करा की, दादा. चोरीचा प्रोग्रॅम तुमच्या कॉम्प्युटरवर चालू आहे, माझ्या नाही. आधी मशीन कुणाचं उचलून नेतील?"

मालकांनी फोन ठेवला आणि मशीनवर चादर ओढली. मग म्हणाले, "दुसरा एक इकणारा हाय. त्याला ह्याच्यापेक्षा जास्त चांदण्या हायत."

"भाड्यानं आनल्या आसतील," सासूबाई म्हणाल्या. "लग्नात माणसं दाखवाय आनत्यात तशा."

मुलगी लातूरहून फोनवर म्हणाली, "आई, तो नुसता भीती दाखवतोय. फसलेल्या माणसाला कुणी धरत नाही. तक्रार करता येते." मी हो म्हणाले. तिचं खरं असणार. पण तक्रार करायची म्हणजे बोलावं लागतं. टेबलापलीकडं बसलेल्या माणसाला पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं, आणि तो मधेच विचारणार, तुम्ही स्वस्तात का घेतलं? मला दुकानात हूक मागायचे तरी मी आधी दुसऱ्या बाया जाऊ देते. मी तक्रार केली नाही. मालकांनीही केली नाही, त्यांना मशीनची भीती.

मला त्या प्रोग्रॅममधून एकच गोष्ट बाहेर पाहिजे होती. वृंदावन गेलं, हत्ती गेला, त्याचं वाईट वाटलं, पण ते गावातल्या बायकांच्या पाठीवर होते, बघून परत काढता आले असते. पालखी कशावरच नव्हती. ती त्या काचेच्या आत होती आणि आईबरोबर मातीत होती. एकदा ती कापडावर उतरली की मग प्रोग्रॅम उघडो न उघडो, मला फरक पडणार नव्हता. मी मांजरपाटाचा मोठा तुकडा धुऊन इस्त्री करून ठेवला. पण प्रोग्रॅम बंद होता, आणि उघडायचा तर त्यालाच बोलवावं लागणार होतं.

कधी कुणाला आपणहून फोन न करणारी मी, सासूबाई देवळात गेलेल्या बघून त्याला फोन लावला. काय बोलायचं ते भाकरी थापताना मनात घोकून ठेवलं होतं.

"अरे वा, ताई! तुम्ही स्वतः?"

"मोठं काम आलंय. दुपारभर चालू पाहिजे."

"मग? नवीन काही काढताय?"

"काढते. दाखवते नंतर."

बाण आला. प्रोग्रॅम उघडला. बाण काचेच्या कोपऱ्यात जाऊन निजल्यासारखा पडून राहिला. मी वाट बघितली. बाहेर कुणीतरी भांडी विकत गेलं, त्याचा आवाज येऊन विरला. बाण हलला नाही. तो उठून गेला असेल, जेवायला बसला असेल, असं मी धरलं आणि 'किराणा' उघडला.

पालखी काचभर आली. आई गेल्यापासून ती उघडून बघायचा मला धीर झाला नव्हता. दांडी, गोंडे, छत, पुढं बघणारा राघू, मागं बघणारा राघू. ती मशीनसाठी टाक्यांत उतरवायला मी लावली. नक्षी मोठी होती, जुना कॉम्प्युटर धापा टाकायला लागला. खाली एक निळी पट्टी हळूहळू भरत होती. पेन ड्राईव्ह लावलेला होता. मांजरपाट मशीनच्या फ्रेमवर ताणलेला होता. मी पट्टीकडं बघत होते, म्हणून बाण कधी हलला ते मला दिसलं नाही. दिसला तेव्हा तो पालखीवर होता. छतावरून हळू हळू फिरत होता, बाजारात गिऱ्हाईक बैलाच्या पाठीवरून हात फिरवतं तसा. राघूंपाशी थांबला.

फोन वाजला.

"ताई, हे तर तुम्ही कधी दाखवलंच नाही!"

मी पदर घेतला. का घेतला ते मला सांगता येणार नाही.

"हे द्यायचं न्हाय," मी म्हणाले. त्या माणसाला मी कशालाही नाही म्हणायची ती पहिलीच वेळ. "ते आईचं आहे."

"वा, आईंनी काढलं होय? मग आईंना विचारा की."

"आई गेली."

"अरेरे," तो म्हणाला. खरंच म्हणाला असावा. मग लगेच, "एक पोपट उलटा झालाय बघा, ताई. तेवढं मी इकडं नीट करून घेतो."

मी माउस धरला. बाण माझं ऐकेना. मी इकडं ओढायची, तो तिकडं जायचा. नेटची वायर उपसायला उठले, ती कपाटामागून गेलेली, कपाट हलेना. वायर हाताला लागेपर्यंत काचेवर परत ती चौकट आली होती. निळी पट्टी भरायची थोडी राहिली होती, चौकटीमागं ती पण दिसेनाशी झाली. निदान काचेचा फोटो काढून घ्यायला पाहिजे होता. हे सुचलं ते पालखी गेल्यावर. पेन ड्राईव्ह मशीनला लावून बघितला. त्यात काही नव्हतं. फ्रेमवरचा मांजरपाट तसाच पांढरा.

मी पालखी काचेत उघडली नसती तर 'किराणा'त तो कधी बघायला गेला नसता.

त्यानंतर त्याचा फोन कधी लागला नाही. लिलावातलं त्याचं दुकान चांदण्यांसकट नाहीसं झालं. मालकांनी कॉम्प्युटर उमरग्याला नेला. कॉम्प्युटरवाला म्हणाला, फाईल आहे, पण ती उघडणार कशानं? आणि आत काय काय घालून ठेवलंय सांगता येत नाही, सगळं पुसलेलं बरं. त्यानं फाईल तेवढी पेन ड्राईव्हवर काढून दिली आणि बाकी सगळं पुसलं. तो पेन ड्राईव्ह माझ्या मण्यांच्या डब्यात आहे. कुलूपबंद पेटी किल्लीशिवाय जपावी तसा.

मशीनवर मी साधी फुलं काढायला लागले, बाजारात आयती मिळतात ती. लग्नसराई सुरू झाली. अस्तर आणि दोरा आणायला उमरग्याला गेले. बाजारातल्या एका कापड दुकानाच्या दारात नवे ब्लाऊज पीस टांगले होते, हिरवे, लाल, जांभळे. प्रत्येकाच्या पाठीवर पालखी होती.

मी तिथंच उभी राहिले. मागून एका बाईचा धक्का लागला, ती म्हणाली, "सरका की ओ, घ्यायचं का नुसतं बगायचं?" मी सरकले, पण आत. दुकानदारानं विचारायच्या आधीच एक पीस पुढं टाकला.

"घ्या, मावशी. लई चालायलंय हे. नवीन माल हाय."

मी छतावर बोट ठेवलं. दांडी आईची, गोंडे आईचे. राघू मात्र दोन्ही एकसारखे, सरळ मानेचे. फोनमधल्या त्या माणसानं आरशाचं चित्र दाबलं होतं.

"ही नक्षी कुठून येते?" मी विचारलं. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही, दुकानदारानं परत विचारायला लावलं.

"वरनं येती, मावशी. फोनवर इकायलेत आता डिझाइना. ज्याच्याकडं मशीन हाय त्यो घेतोय. तुमाला पायजे का? नंबर देऊ?"

"नको."

माझ्या आईची आहे, असं म्हणायचं होतं. दुकानात तीन बायका होत्या, एकीचा नवरा होता. त्यांनी माझ्याकडं बघितलं असतं, हसल्या असत्या. म्हणाले असते तरी कशावरून? राघू मागं बघत होता म्हणून? तो तर आता पुढं बघत होता.

"जांभळा द्या," मी म्हणाले.

"भाव न्हाय करत व्हय?" दुकानदार पीस घडी घालता घालता म्हणाला. "असलं गिऱ्हाईक आज पयलंच बगायलोय." बायका तेवढ्यावरच हसल्या.

घरी येऊन मी पीस उलटा केला. मागं मशीनच्या दोऱ्यांची जाळी, कुठून आलं कुठं गेलं कळत नाही अशी. पालखीच्या कडेनं कापड कापलं आणि ती मांजरपाटाच्या मधोमध टाचली. मग बारीक कात्री घेऊन उजवीकडचा राघू उसवायला बसले.

सासूबाई शेजारी वाती वळत होत्या. "चांगला हुता की राघू. का उसवायलीस?"

"त्यानं मागं बघायला पाहिजे."

"का?"

"कोण ऱ्हायलंय का बघायला."

मी सुईत हिरवा दोरा ओवला, गाठ मारली नाही. चोच, कपाळ, सोपं होतं. ओंदु, एरडु, मूरु. मान वळते तिथं अडले. तिथं आईनं किती टाके सांगितले होते, चार की पाच, आणि वर चढून मग डावीकडं की आधी डावीकडं, काही आठवेना. एकदा घातलं, उसवलं. परत घातलं. त्या जागी कापडाला भोकं पडायला लागली तेव्हा थांबले. आता जी मान आहे ती आईनं वळवलेली आहे की मी, हे मला कधीच कळणार नाही. विचारायचं कुणाला? पेन ड्राईव्ह डब्यात आहे आणि लुगडं मातीत आहे.

सासूबाईंनी मांजरपाट माझ्या हातून घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत जवळ नेला.

"बघायलाय की मागं," त्या म्हणाल्या.